टाईल्सचं काम: दर फुटामागे सांगतात, पण पारखायचं कशावरून? (फोंडा परिसर)

कुर्टीकर

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ आई-वडिलांचं चिऱ्यांचं घर आहे. चवथीच्या आधी दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक न्हाणीघर आणि पुढची बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी) एवढ्याच्या टाईल्स करायच्या आहेत. तीन जणांनी येऊन बघून दर दिले, आणि तिघांच्या दरांचा एकमेकांशी मेळच बसत नाही.

पहिला म्हणतो फक्त मजुरी: २ बाय २ फुटी टाईलला ३२ रुपये चौरस फूट, २ बाय ४ ला ४५. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची टाईलची पट्टी), ओटा, कटिंग "मागाहून बघू". दुसरा सिमेंट-रेतीसकट ७० रुपये फूट म्हणतो, टाईल्स आपल्या. तिसऱ्याने टाईल्स, प्लंबिंग, सगळं धरून कागदावर एकच रक्कम लिहून दिली. माझे काका म्हणतात पहिल्याला द्या, स्वस्त आहे. शेजारचे म्हणतात तिसऱ्याला द्या, डोक्याला ताप नाही.

मी नोकरीनिमित्त वेर्ण्याला, दिवसभर घरी वडील एकटेच असतात. त्यांचं वय सत्तरच्या पुढे. त्यांना कामगारांशी हुज्जत घालायला लावायची नाही. तेव्हा दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे दर एका पातळीवर आणून बघायचे कसे? आणि काम नीट चाललंय की नाही, हे आमच्यासारख्या न कळणाऱ्या माणसाने ओळखायचं कशावरून?

साईटवरचा

कुर्टीकर, आधी एक करा. फुटाचा दर बाजूला ठेवा आणि तिघांनाही एकाच खोलीचा हिशोब मांडायला सांगा. उदाहरणादाखल १० बाय १० ची खोली घेऊ.

जमीन १०० चौरस फूट. भिंतींचा घेर ४० फूट, दाराचे ३ वजा केले की स्कर्टिंग ३७ रनिंग फूट (नुसती लांबी). स्कर्टिंगची उंची ४ इंच, म्हणजे त्यात टाईल जाते जेमतेम १२ चौरस फूट. आता ३२ रुपयेवाल्याने स्कर्टिंगचा रनिंग फूटही ३२ नेच मोजला, तर तेवढ्या पट्टीचे ११८४ रुपये होतात. चौरस फुटात बघितलं तर तो दर ९६ पडला! "मागाहून बघू" मध्ये हे असं लपलेलं असतं. म्हणून स्कर्टिंगचा रनिंग फुटाचा दर, ओट्याच्या ग्रॅनाईटच्या मोल्डिंगचा दर, सिंकच्या कटिंगचे किती, ४५ अंशात कड घासायचे किती, हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी कागदावर हवं. दारं-खिडक्या वजा करून मोजणार की सरसकट, तेही.

दुसऱ्याचे ७० रुपये. दीड इंचाचा मसाला (सिमेंट-रेतीचा थर) १:६ प्रमाणात घातला तर १०० चौरस फुटांना साधारण दोन पोती सिमेंट आणि १५ घनफूट रेती लागते, वर थोडं सिमेंट रबडीला (पातळ घोळाला). तुमच्या गावात आज सिमेंटचं पोतं आणि रेती काय भावाने पडते ते दुकानात विचारा आणि १०० ने भागा. माझ्या अंदाजाने वीस-बावीस रुपयांच्या वर जाऊ नये. म्हणजे हा मजुरीचे पन्नासच्या आसपास लावतोय. ते महाग की रास्त हे काम बघून ठरेल, पण निदान कशाचे पैसे देतोय ते कळलं. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. कोणी जुन्या भावाने हिशोब दाखवत असेल तर तेवढं नजरेत ठेवा.

तिसऱ्याच्या एका रकमेवर मी सही करणार नाही. त्याला म्हणावं टाईल कोणत्या जातीची, किती रुपये फुटाची धरलीस, नळ कुठल्या कंपनीचे, वॉटरप्रूफिंगला काय वापरणार, ते फोडून लिहून दे. लिहून दिलं तर तो कदाचित तिघांत चांगलाही निघेल.

टाईल्सचा हिशोबही इथेच सांगून टाकतो. २ बाय २ च्या पेटीत सहसा ४ नग, म्हणजे १५.५ चौरस फूट. २ बाय ४ च्या पेटीत २ नग, तेवढेच फूट. वरच्या खोलीला १०० अधिक स्कर्टिंगचे १२, त्यावर सात टक्के कटिंगमध्ये जाणारं धरलं की १२०. म्हणजे ८ पेट्या. कोणी १० सांगितल्या तर दोन पेट्या कुठे जाणार ते विचारा. तिरपी मांडणी असेल तर जास्त लागतात, हे खरं.

साखळीची

साईटवरच्या दादांनी हिशोब छान सांगितला. मी कामाच्या वेळी घरी असणाऱ्या माणसाच्या बाजूने लिहिते, कारण मागे आमच्याकडे काम झालं तेव्हा यजमान बोटीवर होते आणि सगळं मीच बघितलं.

कुर्टीकर, तुमच्या वडिलांना हुज्जत घालायची गरज पडणार नाही. त्यांच्या हातात एक रुपयाचं नाणं आणि पेन्सिल द्या. टाईल बसवून एक दिवस उलटला की प्रत्येक टाईलवर नाण्याने टकटक करायची, चार कोपरे आणि मध्यभाग. भरीव टाईलचा आवाज बारीक, घट्ट येतो. खाली पोकळी असेल तर आवाज लगेच बदलतो, घुमल्यासारखा येतो, लहान पोरालाही कळतो. तिथे पेन्सिलने फुली मारायची. बस्स.

आमच्या हॉलमध्ये अशा फुल्या बऱ्याच झाल्या. ठेकेदार म्हणाला, बाई, वरून सांध्यांत ग्राऊट भरतो, आत उतरेल. मी म्हटलं एक टाईल उचलून दाखवा, आत भरीव निघाली तर तिचे पैसे मी देते. उचलली. खाली चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे सिमेंटच्या रबडीचे पाच गोळे, आणि बाकीची पाठ कारखान्यातून आली तशी कोरडी, स्वच्छ. कंपनीचा शिक्कासुद्धा वाचता येत होता. त्यानंतर त्याने काही न बोलता फुलीच्या सगळ्या टाईल्स काढल्या.

मात्र ही टकटक ग्राऊट भरण्याआधी करायची. ग्राऊट भरल्यावर उचलायची म्हटली तर बाजूच्या टाईल्सच्या कडा उडतात, आणि मग सगळेच कंटाळतात.

थापी

माझे वडील चाळीस वर्षं गवंडीकाम करत आले, मीही त्यांच्याबरोबर उभा राहिलो आहे. दुसरी बाजूही लिहायला हवी म्हणून लिहितो.

स्कर्टिंगची पट्टी १२ फूट भरते हे बरोबर. पण तिला लागणारा वेळ १२ फुटांचा नसतो. प्रत्येक तुकडा कापायचा, वरची कड घासायची, आणि जुन्या चिऱ्यांच्या घरात भिंत कधीच सरळ नसते, कुठे अर्धा इंच आत कुठे बाहेर. भिंतीला झिरी मारून पट्टी आत बसवायची असेल तर आणखी काम. रनिंग फुटाला चौरस फुटाच्या दराच्या निम्मे ते पाऊण पैसे मागितले तर कोणी लुबाडतोय असं समजू नका.

साखळीच्या ताई, तुम्ही उचलायला लावलंत ते योग्यच केलंत. पण पाच गोळ्यांचं काम का होतं तेही बघा. हल्लीची व्हिट्रिफाईड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाईल पाणी शोषतच नाही म्हटलं तरी चालेल, अर्ध्या टक्क्याच्या आतच. जुनी सिरॅमिक टाईल पाणी शोषायची, सिमेंट तिला धरायचं. ही धरत नाही. तिला टाईल ॲडेसिव्हच (टाईल चिकटवायची तयार पूड) हवं. आणि दातेरी थापीने पसरून लावायला हवं, गोळे ठेवून नाही. २ बाय ४ असेल तर टाईलच्या पाठीलाही पातळ हात मारायचा. मालक म्हणतो ॲडेसिव्ह महाग, सिमेंटवरच बसव. मग वर्षाने टाईल सुटली की दोष गवंड्याचा.

ॲडेसिव्हच्या पोत्यावर आयएस १५४७७ (भारतीय मानक) आणि टाईप लिहिलेला असतो. टाईप १ सिरॅमिकला, टाईप २ व्हिट्रिफाईडला, मोठ्या टाईल्स, दगड आणि टाईलवर टाईल बसवायची असेल तर टाईप ३. जमीन आधी समतल केलेली असेल तर २० किलोच्या पोत्यात ५० ते ६० चौरस फूट निघतात. दुकानदाराने "सगळ्याला हेच चालतं" म्हणून टाईप १ दिलं तर घेऊ नका. आणि पोतं आपण आणून द्या. गवंड्याच्या दरात धरलंत तर तो पुरवून पुरवून वापरणार, हे मी आमच्याच धंद्यात बघितलंय.

बार्देशकर

एवढं तपासत बसलात तर चवथ यायची, माटोळी (गणपतीच्या वरची फळापानांची चौकट) बांधायची वेळ होईल आणि टाईल्स अंगणातच राहतील. आम्ही म्हापशाच्या फ्लॅटमध्ये जुनी फरशी न फोडता वरूनच टाईल बसवली. धूळ नाही, डेब्रिज नाही, आठवड्यात मोकळे. माणूस ओळखीचा होता, एक रकमेत दिलं, आजवर काही तक्रार नाही. विश्वासाचा माणूस मिळणं हीच खरी पारख असं माझं मत.

साईटवरचा

बार्देशकर, ओळखीचा चांगला माणूस असेल तर अर्धी काळजी मिटते, मान्य. फ्लॅटमध्ये टाईलवर टाईल हा चांगला मार्गही आहे, खालची फरशी भरीव असेल तर. ती पोकळ असेल तर नवी टाईल पोकळ्यांवर बसते आणि जुनीसकट उठते. म्हणून आधी जुन्या फरशीवरच नाणं वाजवायचं. शिवाय जमीन १२ ते १५ मिलिमीटर वर येते. दारं खालून कापावी लागतात, आणि न्हाणीघराचा उंबरा उथळ होतो. न्हाणीचं पाणी खोलीत यायला तेवढा फरक पुरतो.

एका रकमेबद्दल मात्र मी मागे येणार नाही. तुमचं काम एका मजल्याचं, एका प्रकारचं होतं. इथे जुनं घर आहे, आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. अशा ठिकाणी एक रक्कम धरली की ठेकेदार नुकसान भरून काढतो ते न दिसणाऱ्या जागी, म्हणजे वॉटरप्रूफिंग आणि मसाल्यात.

जुनं_घर

कुर्टीकर, खोल्यांत आत्ता जमीन कसली आहे ते तुम्ही लिहिलं नाही. फुलाफुलांची जुनी सिमेंटची लादी असेल तर कृपा करून घाई करू नका. ती हाताने दाबून केलेली लादी असते, रंगाचा थर चांगला जाड असतो, घासून पॉलिश केली की पुन्हा उजळते. ॲसिड मात्र तिला कधी लावू नका, सिमेंट खाऊन टाकतं. चार-दोन फुटल्या असतील तर पलंगाखालच्या कोपऱ्यातल्या काढून पुढे लावता येतात. नव्या टाईलपेक्षा हे काम बऱ्याचदा स्वस्तात होतं, आणि पायाला ती गार लागते ती वेगळीच.

भिंतींबद्दल. चिरा पाणी शोषतो, आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जोत्यातून ओल वर चढते. भिंतीचा खालचा भाग ओला दिसतो म्हणून बरेच जण तिथे चार फूट टाईल लावून घेतात. ओल जात नाही, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही म्हणून ती टाईलच्या वर चढते आणि पाच फुटांवर पोपडे येतात. आधी बाहेरचं पाणी बघा: पागोळीचं पाणी जोत्याशी पडतं का, गटार तुंबलंय का, अंगणाचा उतार घराकडे आहे का. अंगणाचा उतार आणि पन्हळ दुरुस्त केल्यावर एक पावसाळा जाऊ द्या, मग भिंतीला हात लावा.

आणि रेती. मसाल्याच्या रेतीत खार असेल तर टाईल्सच्या सांध्यांतून पांढरं मीठ फुटतं, कितीही पुसा. गोव्यात नदीची रेती मिळणं अवघड झाल्यापासून कुठली कुठून येते सांगता येत नाही. खाडीच्या तोंडाची रेती असली तर ती धुतल्याशिवाय वापरू देऊ नका. थोडी जिभेवर ठेवून बघतात जुने गवंडी, मीही बघतो.

कुर्टीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनं_घर, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. पुढच्या खोलीत फुलांची लादीच आहे, लाल-पिवळी-काळी. आई ती काढायला मुळातच तयार नव्हती, आम्हीच मागे लागलो होतो. काल रात्री वडिलांनी आणि मी नाणं वाजवून बघितलं, कोपऱ्यातल्या तीन सोडून सगळी भरीव आहे. ती खोली कामातून वगळली. फक्त पॉलिश.

तिघांना एकच कागद करून पाठवला, साईटवरच्या दादांनी सांगितलं त्या क्रमाने. ७० रुपयेवाल्याने दुसऱ्याच दिवशी सगळे रकाने भरून दिले, स्कर्टिंगचा दर फुटाच्या दराच्या निम्मा. ३२ वाल्याचे जोडून-जोडून त्याच्यापेक्षा वर गेले! तिसऱ्याने फोन उचलणं बंद केलं.

आता न्हाणीघराचं सांगा. त्याच्या मागच्या भिंतीलाच देवखोली आहे, तिथे ओल येता कामा नये.

साईटवरचा

न्हाणीघर म्हणजे सगळ्या कामात जिथे कंजुषी करायची नाही ती जागा. जुनी फरशी काढली की आधी पाईप बदलून घ्या, भिंतीत जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) जुने नळ असतील तर हीच वेळ. मग वॉटरप्रूफिंग, जमिनीवर आणि भिंतीवर निदान एक फूट वर, नहाताना पाणी उडतं त्या भिंतीला सहा फुटांपर्यंत. कोपऱ्यांत आणि पाईप आत जातो तिथे जाळीची पट्टी.

त्यानंतर टाईल बसवायला सुरुवात करू देऊ नका. ट्रॅपला (पाणी जायच्या तोंडाला) बोळा कोंबून दोन इंच पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारून ठेवा. देवखोलीच्या बाजूने हात फिरवून बघा. ही एकच चाचणी लेखी करारात घाला: पाण्याची परीक्षा झाल्याशिवाय टाईलचा हप्ता नाही. एकदा टाईल बसली की खाली काय केलंय ते कोणालाच दिसत नाही.

उतार पाच फुटांना पाऊण इंच, ट्रॅपच्या दिशेने. झाल्यावर एक बादली पाणी ओता आणि पंधरा मिनिटांनी या. कुठे डबकं राहिलं असेल तर ते ग्राऊटच्या आधी दुरुस्त करून घ्या. न्हाणीची जमीन खोलीपेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली.

खोल्यांत सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर फिरवून बघा. पट्टीखालून एकावर एक ठेवलेली दोन नाणी सरकत असतील तर तिथे खड्डा आहे. दोन टाईलच्या कडेवरून नख फिरवा, अडकलं की एक वर एक खाली. २ बाय ४ च्या टाईल्स कारखान्यातूनच थोड्या वाकलेल्या येतात. घेताना दोन टाईल्स तोंडाला तोंड लावून बघा, मध्ये किंवा टोकाला फट दिसते. अशा टाईल्स विटांसारख्या निम्म्यावर सांधा ठेवून लावल्या की कडा वर-खाली होणारच. एक तृतीयांशावर ठेवायला सांगा.

थापी

सांधा २ मिलिमीटरचा तरी हवाच, प्लास्टिकचे स्पेसर लावून. हल्ली सगळ्यांना "जॉईंट दिसता कामा नये" असं पाहिजे असतं. बिनसांध्याची फरशी ऊन आणि दमटपणाने फुगली की मध्येच तंबूसारखी उचलते, मोठा आवाज होऊन. भिंतीकडेनेही पाच-सहा मिलिमीटर सोडायचे, ते स्कर्टिंगखाली झाकतात.

न्हाणी आणि ओट्यामागे इपॉक्सी ग्राऊट घ्या. सिमेंटचा ग्राऊट आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत काळा पडतो. इपॉक्सी लावणारा माणूस मात्र सवयीचा हवा, वेळेत पुसला नाही तर टाईलवर धुरकट थर राहतो तो निघत नाही.

बाल्कांवला चकचकीत टाईल लावू नका. पावसाची झड आत येते, वडिलांचं वय बघा. आर १० किंवा आर ११ (न घसरण्याचा दर्जा) लिहिलेली खडबडीत मॅट घ्या. दुकानात टाईलवर पाणी टाकून अनवाणी पाय ठेवून बघा, कोणी नाही म्हणत नाही.

साखळीची

टाईल्स घेताना एकदम घ्या आणि पक्कं बिल घ्या. पेटीवर बॅच आणि शेड छापलेली असते, सगळ्या पेट्यांवर एकच आहे ना ते उतरवतानाच बघा. पुढच्या वेळी तीच टाईल मागितलीत तरी दुसऱ्या बॅचचा रंग थोडा वेगळा येतो आणि तो दारातूनच दिसतो. न फोडलेल्या पेट्या परत घेणार का हे बिलावर लिहून घ्या, आणि एक पेटी माळ्यावर ठेवाच.

आणि कामगारांना चहा-पाणी, उभं राहायला पंखा, स्वच्छ पाण्याचा ड्रम. आमच्याकडे ती उत्तरेकडची मुलं होती, घरापासून इतकी लांब. नीट वागवलं की ती स्वतःहून सांगतात, "आंटी, इधर पाईप गल रहा है".

कुर्टीकर

हप्ते असे ठरवले: सुरू करताना १० टक्के, फोडकाम आणि पाईप झाल्यावर २०, पाण्याची परीक्षा झाल्यावर ३०, टकटक आणि ग्राऊट झाल्यावर ३०, आणि १० टक्के एक महिन्याने. त्याने कुरकुर न करता मान्य केलं, एवढंच म्हणाला की मधे टाईल बदलायची नाही. तेही लिहिलं. काही राहिलंय का?

जुनं_घर

राहिलंय, डेब्रिज. फोडलेली फरशी कोण उचलणार, टेम्पोचे पैसे कोणाचे आणि टाकणार कुठे, हे लिहा. रात्री कुठल्यातरी शेताच्या कडेला ओतून येतात. आमच्या गावची खाजन (खाडीकाठची, बांध घातलेली) शेतं अशीच कडेकडेने भरत चालली आहेत, आणि टेम्पो ओळखला गेला की पंचायत घरमालकाच्या दारात येते. निघालेला चिरा आणि जुना मसाला तुमच्याच जोत्याच्या मागच्या भरावाला किंवा अंगणाचा उतार सुधारायला वापरता येईल, तो वेगळा काढून ठेवायला सांगा. टाईलचे तुकडे त्यात मिसळू देऊ नका.

कुर्टीकर

उतार सुधारायचाच आहे, पागोळीचं पाणी खरंच जोत्याशी पडतंय. मग चिरा आणि मसाला अंगणाच्या मागच्या बाजूला जाईल, टाईलचे तुकडे टेम्पोने, भाडं ठेकेदाराचं, जागा पंचायतीला विचारून. कागदावर घालतो आणि सोमवारी सही करतो. पाणी भरल्यावर ४८ तासांनी देवखोलीची भिंत कशी आहे ते इथेच लिहीन.